मोतीराम नावाची बोट

वाढवणच्या पुतळीआत्याला "मासे ताजे आहेत का?" असं कुणी विचारलं, की ती म्हणायची, "नाय रे बाबा, शिळे हाईत, माझ्यासारखे. घे नायतर चालता हो." नवरा लवकर मेला, तशी ती माहेरी आली. सरावलीच्या बाजारापर्यंत डोक्यावर टोपली वाहिली आणि बोंबील सुकवून विकून थोरल्या भावाचा पोर प्रवीण वाढवला. म्हणून २०१६ साली त्याची नवी बोट तयार झाली, तेव्हा नाव तिनं कुणाला न विचारता ठरवून टाकलं. मोतीराम.

मोतीराम तिचा धाकटा भाऊ. मासेमाराचा पोर, पण बापाच्या होडीत पाय ठेवला की ओकायचा. बाप कावायचा, "मासे धराया येतोस का त्यांना जेवू घालाया?" मोठं जहाज हलत नाही असं कुणीतरी सांगितलं, म्हणून गडी नौदलात गेला. सुट्टीत पांढराफेक गणवेश घालून आला आणि ऐटीत वाळत्या बोंबलांखाली बसला. परत गेल्यावर साऱ्या जहाजाला वास आला म्हणे.

एकाहत्तरच्या लढाईत ते जहाजच परतलं नाही.

आईनं घरात त्याचं नाव घ्यायला बंदी केली. आई गेली, बंदी राहिली. पोरंटोरं त्याला 'ते बुडालेले' म्हणत. आत्या खवळायची, "बुडालेले काय? आईबापानं नाव ठेवलंय त्याला!" ते नाव बोटीवर घातल्याशिवाय ती मरणार नव्हती, आणि तसं ती रोज बजावत होती.

पण तांडेल हाल्या अडून बसला. बोट चालवणार तो, खलाशी त्याचे. "बुडालेल्याचं नाव बोटीला? कोन चढनार नाय. देवाचं नाव घाला."

प्रवीण अंगठ्यानं वाळू उकरत म्हणाला, "आत्या, तांडेलच नसला तर बोट काय अंगनात लावू?"

आत्यानं हाल्याकडे मोर्चा वळवला. "देवाचं नाव? तुझी जलदेवी कुठं हाय रे आता?"

जलदेवी बोट खडकावर फुटली, तेव्हा सुकाणू हाल्याच्याच हातात होतं.

"आनि तिच्या आधीची जलदेवी? ती पन गेली. तरी आजून एक जलदेवी बंदरात हाय, तिच्यावर चढता ना? देवी दोनदा बुडाली तर चालते, माझा भाव एकदा बुडाला तर अपशकुन? आनि तो काय सोताहून बुडाला? दुश्मनानं बुडवला. तुझ्या बोंबलांवर कोन तोफ डागतोय?"

खलाशी पोट धरून हसले. हाल्यालाही हसू फुटलं, आणि एकदा हसल्यावर नाही म्हणायला तोंड उरलं नाही.

रंगाऱ्यानं विचारलं, "नावाआधी शहीद लिहू का कैलासवासी?"

"काय नको. पोरगा होता तो. नुसतं मोतीराम. आनि अक्षर मोठं काढ, मना लांबून दिसत नाय."

नारळी पुनवेला नारळ वाहून बोट दर्याला गेली. परतली तेव्हा टेहळणाऱ्या बाया किनाऱ्यावर बोंबलू लागल्या, "मोतीराम आला गो! टोपल्या आना, मोतीराम आला!"

आत्या उठली. पदर खोचला, मधल्या दोघींना कोपरानं बाजूला सारलं आणि गुडघाभर पाण्यात घुसली.

"इतके दिस कुठं होतास रे मेल्या?" ती बोटीवर ओरडली.

"आगो, परवाच तर गेलो!" हाल्या वरून म्हणाला.

"तुना कोन इचारते? बोंबील उतरव!"