पाटावर राहिलेले पासपोर्ट

सोमवारी आईचं भारतात परतायचं विमान होतं आणि रविवारी मला कॅनडात जाऊन यायचं होतं. शहाण्या माणसाने असा बेत केला नसता. पण बेत आईचा होता, आणि आमच्या घरात आईचा बेत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आम्ही ॲन आर्बरला राहतो. डेट्रॉइटची नदी ओलांडली की कॅनडातलं विंडसर, घरापासून तासाभरावर. लग्न होऊन मी आधी तिथेच आले, माझी ईरा तिथेच जन्मली. बाळंतपणाला आईला साताऱ्याहून येता आलं नाही, कारण वडील अंथरुणाला खिळले होते. तेव्हा खालच्या मजल्यावरच्या सुमनकाकूंनी महिनाभर मला आणि बाळाला न्हाऊमाखू घातलं. त्यांनी दिलेल्या ओव्याच्या धुरीने अख्ख्या बिल्डिंगचा फायर अलार्म वाजला आणि बंब आला. बंबवाल्यांनाही त्यांनी डिंकाचे लाडू खायला घातले.

या बाईंना एकदा भेटायचं, हे मनाशी धरून आई सहा महिन्यांसाठी आली होती. पण कॅनडाच्या व्हिसाचे कागद गोळा होईपर्यंत सहा महिने सरले. शेवटी तिने फर्मान काढलं, "मी जायच्या आधी तू जा, माझ्या वतीने त्यांची ओटी भर. आणि त्या काय म्हणाल्या ते मला समोर बसून सांग. फोनवर नको."

तो रविवार खंडेनवमीचा. माझे वडील वायरमन होते. या दिवशी त्यांची पक्कड, टेस्टर, स्क्रूड्रायव्हर असं सगळं पाटावर मांडून आई पूजा करायची. आदल्या संध्याकाळी तिने विचारलं, "तुझी हत्यारं कुठली गं?"

मी भांडी लावत होते. म्हटलं, "लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि पासपोर्ट. त्याशिवाय इथे पान हलत नाही."

मी बोलले आणि विसरले. आई माझ्यासारखी विसरत नाही.

सकाळी उठले तर पूजा आटोपलेली. पाटावर लॅपटॉप, त्यावर झेंडूची फुलं, शेजारी किल्ली. मी किल्ली उचलली तशी आई म्हणाली, "किल्ली घे, गाडी त्याशिवाय चालायची नाही. बाकी कशाला हात लावू नकोस. उद्या उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवायचं नसतं." मी हो म्हटलं आणि निघाले. नवरा कामासाठी शिकागोला, ईरा हॉस्टेलवर. त्यामुळे गाडीत मी, ओटीचं सामान आणि आरशाला आईने बांधलेली झेंडूची माळ.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. आय-९४ सरळ पुलापर्यंत नेतो. टोलला सुटे डॉलर ठेवा. पलीकडे पाट्या किलोमीटरमध्ये असतात. शंभर वाचून ॲक्सिलरेटर दाबू नका. मोबाइल बंद ठेवा, रोमिंगचं बिल रडवतं. त्या बाजूच्या बूथमधल्या बाईने नागरिकत्व विचारलं. मी म्हटलं, कॅनडियन, आणि अमेरिकनही. तिने ड्रायव्हिंग लायसन्स पाहिलं (तेव्हा तेवढ्यावर भागायचं), माळेकडे बघून हसली आणि "वेलकम होम" म्हणाली. मलाही उगीच बरं वाटलं.

काकू आता लेकाकडे लेमिंग्टनला असतात, विंडसरहून पाऊण तास. रस्ता फार सुरेख आहे, एका हाताला मधूनच एरी सरोवर दिसतं, दुसऱ्या हाताला काचेच्या शेडांमागून शेडा. आत टोमॅटोच टोमॅटो. गावात माहिती केंद्रसुद्धा टोमॅटोच्या आकाराचं. तळ्यातला ताजा पर्च मासा तळून मिळतो तो चुकवू नका. मी नवमी म्हणून चुकवला, त्याची हळहळ अजून आहे.

काकूंनी दार उघडलं. आजारपणाने अर्ध्या झाल्या होत्या, आवाज मात्र नागपूरचा तसाच खणखणीत. मी त्यांची ओटी भरली, आईने काठ निवडून घेतलेलं इरकली लुगडं दिलं. त्यांनी त्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, उपकार नव्हते केले बाई मी. माझी लेक त्याच वर्षी गेली होती. न्हाऊ घालायला कोणी नव्हतं मला. तू होतीस म्हणून मी उभी राहिले."

हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. निघताना त्यांनी आईसाठी टोमॅटोच्या लोणच्याची बरणी दिली आणि बजावलं, "बरणी परत आण. त्या निमित्ताने येशील तरी."

पाचच्या सुमाराला पुलावरून अमेरिकेच्या बूथपाशी आले. आतल्या माणसाला लायसन्स पुरेसं वाटलं नाही. "जन्म कुठला? इंडिया? मग नागरिकत्वाचा पुरावा दाखवा."

मी पर्समधल्या नेहमीच्या कप्प्यात हात घातला. तिथे पासपोर्टचं तपकिरी पाकीट नव्हतं. साखरखोबऱ्याची पुडी होती. पाकीट कुठे आहे ते मला त्याच क्षणी कळलं.

गाडी बाजूला घ्यायला लावली. आत काउंटरवरच्या पिकलेल्या मिशांच्या अधिकाऱ्याने कॉम्प्युटरवर शोधलं. माहेरचं नाव, सासरचं नाव, मधलं वडिलांचं की नवऱ्याचं. आपल्या नावांच्या गुंत्यात तो पार हरवला. म्हणाला, "पासपोर्टचा नंबर द्या. नाहीतर सुपरव्हायझर बघेल. आज होईल, नाहीतर उद्या."

"उद्या माझी आई जाणार आहे," मी म्हटलं. "आणि मला तिला एक निरोप सांगायचाय."

"घरी कोणी आहे?"

"तीच आहे. पण तिला इंग्लिश येत नाही."

"आकडे येतात?" त्याने फोन माझ्याकडे सरकवला आणि स्पीकर लावला.

"आई, पासपोर्ट कुठेत?"

"पाटावर. लॅपटॉपखाली. तूच म्हणालीस ना हत्यारं म्हणून!"

"ते काढून वाचून दाखव. मला सोडत नाहीयेत."

चाळीस वर्षांत तिने पूजेची पक्कड एक दिवस आधी उचलू दिली नव्हती. वडिलांना एकदा वायर दाताने सोलावी लागली होती. मग म्हणाली, "थांब. देवाला मी सांगते."

घंटा वाजली. तिचं पुटपुटणं ऐकू आलं आणि शेवटी स्पष्ट शब्द, "पुनरागमनाय च."

अधिकाऱ्याने विचारलं, "काय म्हणाली?"

"निरोप देतेय देवाला. पुन्हा या म्हणून."

त्याने मान हलवली आणि पेन उघडलं.

"अगं, दोन्ही पुस्तकं निळीच आहेत," आई म्हणाली. "एकावर सिंह आणि घोडा, एकावर गरुड. कुठलं?"

"गरुड!"

"बरं झालं. विष्णूचं वाहन आहे, आणेल तुला." चष्मा लावून तिने एकेक आकडा वाचला, शाळेत पाढे म्हणावेत तसा ठणठणीत. मी इंग्लिशमध्ये सांगत गेले, तो लिहीत गेला. स्क्रीनवर माझा फोटो आला. त्याने फोटोकडे पाहिलं, रडून सुजलेल्या माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीच आहात. घरी जा. आईला थँक यू सांगा." गाडीतली माळ मात्र त्याने काढून घेतली, ताजी फुलं आणता येत नाहीत असा नियम आहे म्हणून. त्या माणसाचं नाव विचारायचं राहिलं. दर दसऱ्याला आठवण येते.

साडेसहाला घरी पोचले. आई दारातच उभी होती. समोर बसवून तिला काकूंचं प्रत्येक वाक्य सांगितलं. ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "बघ. मला वाटत होतं मी आले नाही म्हणून तुझे हाल झाले. देवाने दोघींची सोय केली होती."

सोमवारी विमानतळावर मी तिच्या हातावर दही ठेवलं. पर्समध्ये पाटावरच्या चार अक्षता होत्या, त्या तिच्या डोक्यावर टाकल्या आणि पुटपुटले, "पुनरागमनाय च."

"वेडे, ते विसर्जनाला म्हणतात," आई म्हणाली. थोडं पुढे गेली, वळली. "पण म्हण परत एकदा."

तिला सोडून घरी परत आले. कागदपत्रांबद्दल सांगायचं तर निघताना पाकीट डोळ्यांनी बघा, हाताने चाचपा. नियम कडक होत चाललेत. आणि कुणाकडे जायचं राहिलं असेल तर जाऊन या.

स्वयंपाकघरात काकूंची बरणी धुऊन ठेवलेली होती. लोणचं आईने डब्यात भरून सोबत नेलं होतं. बरणीशेजारी दोन्ही पासपोर्ट होते, गरुडावरचं कुंकू तसंच. खाली आईची चिठ्ठी होती: "बरणी रिकामी देऊ नकोस. डिंकाचे लाडू कर. आणि ही हत्यारं घेऊन जा."

मी आधी हसले, आणि मग बराच वेळ रडले.