ओकावांगोला पाणी आलं

माझा नवरा चुकीच्या महिन्यात आफ्रिकेला गेला, आणि बरोबर महिना येईपर्यंत जगला नाही.

आज आनंदला जाऊन एक वर्ष झालं.

ग्रीन कार्ड येईपर्यंत आम्ही अमेरिकेबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. परतताना व्हिसाच्या स्टॅम्पिंगमध्ये अडकलो तर नोकरी जाईल, ही धास्ती. कार्ड आलं तेव्हा आमच्या कॅरी गावातले सगळे विचारायला लागले, "मग, नागपूर कधी?"

आनंद म्हणाला, "आधी ओकावांगो."

बोट्सवानातली ही नदी समुद्राला जात नाही, वाळवंटातच पसरते. कोरड्या वाळूत पाणी शिरताना त्याला बघायचं होतं.

तिकिटं त्यानेच काढली, डिसेंबरची. ऑफिसला सुट्टी, आमच्या लेकीच्या, मैत्रीच्या शाळेला सुट्टी. आणि वर, "तिथे तेव्हा पावसाळा असतो, म्हणजे फुल पाणी!"

अस्सल नागपुरी हिशोब. पाऊस आला की पाणी आलं.

तिथे पाऊस रोज पडत होता आणि कॅम्पसमोरचं पात्र कोरडं होतं.

आमचा गाइड काबो हसू दाबत म्हणाला, "सर, हा पाऊस इथला. पुराचं पाणी अंगोलाच्या डोंगरातून येतं. पोहोचायला जून-जुलै उजाडतो."

आनंद माझ्याकडे वळला. "वैशू, यार, आयुष्यभर सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, आणि हे चेक नाही केलं!"

हत्ती दिसले, जिराफ दिसले, पाणघोडेही दिसले. हा मात्र त्या कोरड्या पात्रापाशी जाऊन उभा राहायचा.

"पुढच्या जुलैत परत येऊ. नक्की."

फेब्रुवारीत रिपोर्ट आला. पॅन्क्रियाज.

किमोच्या खुर्चीत बसून तो म्हणायचा, "आता निघालं असेल अंगोलातून." मग, "आता बॉर्डर क्रॉस केली असेल." मी हो म्हणायचे. दुसरं काय म्हणणार?

पाणी वाटेत असतानाच तो गेला.

मैत्री आणि मी आत्ता त्याच कॅम्पवर आहोत. आज सकाळी काबोने हाक मारली, यंदा पूर लवकर आला म्हणून.

पाणी येत होतं. चालत. सुकी पानं, मुंग्या, किडे पुढे ढकलत. बगळे ते टिपायला जमले होते. मागे घोट्याएवढ्या पाण्यात तांबूस हरणं उभी.

"मॉम, इट्स सो स्लो," मैत्री म्हणाली.

मी चपला काढून वाळूत उभी राहिले. पाणी पायाला लागलं आणि मला रडू आलं. रागही आला. इतकं हळू का यावं त्याने?

आम्ही दोघींनी तिथेच त्रिशरण म्हटलं. काबोने टोपी काढली.

आनंद, पाणी आलं रे.

जय भीम.