फुगा उलटा फिरला

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पन्नास सालाच्या पुढची गोष्ट. खाडीवरच्या आमच्या मिठागरात हवामान खात्याचा तो माणूस महिन्यातून एकदा यायचा, बांधावर दुर्बीण उभी करायचा आणि आभाळात फुगा सोडायचा. मग तासभर मान वर करून वारा कुठे जातो ते वहीत लिहायचा. तोंड उघडंच. आम्ही बायका हसून बेजार.

"हसताय काय? याच घटकेला पार हिमालयापर्यंत माणसं असेच फुगे सोडून बसलीत," तो म्हणाला.

एवढी उघडी तोंडं डोळ्यांसमोर आली आणि आम्ही आणखीच हसलो.

एका एप्रिलात फुगा आधी डोंगराकडे गेला आणि वर पोचल्यावर उलटा समुद्राकडे फिरला.

"बाई, मीठ झाका. खालचा वारा तुम्हाला कळतो, पण आज पाऊस आणणार तो वरचा वारा."

आभाळ कोरडं होतं. तीन महिन्यांचं मीठ उघड्यावर रचलेलं. भिजलं असतं तर वर्ष पाण्यात.

"फुग्याच्या नादान पेंढा नासतीस?" सासरा ओरडला.

मी ऐकलं नाही. आम्ही चौघी पेंढ्याचे भारे घेऊन खिदळत धावलो, पडलो, पुन्हा धावलो आणि रास झाकली.

दुपारी घाटाकडून आभाळ आलं आणि धो धो कोसळलं. मीठ वाचलं. तो मात्र दुर्बिणीला स्वतःचा सदरा गुंडाळून, उघडाबंब, निथळत आमच्या खोपटात शिरला.

सासऱ्याने उरलेला पेंढा त्याच्या डोक्यावर ठेवला. म्हणाला, "फुगेवाले, आबालातलं सगलं दिसतं तुमाला. घरची छत्री तेवरी दिसली नाय?"