शेवटी दाखवायची साडी

मॉक अलॉटमेंट लागली त्या सकाळी परशरामअण्णा माझ्या नाकासमोर मोबाइल धरून उभे होते आणि सरकारने आपल्याला फसवलं असं सांगत होते. मागे त्यांची मुलगी सुप्रिया होती.

मी बेळगावात पी.यू. कॉलेजला गणित शिकवलं. पी.यू. म्हणजे आमच्याकडची अकरावी-बारावी. रिटायर झाल्यावर इथेच शहापुरात घराच्या पुढच्या खोलीत ऑप्शन एंट्रीचं मार्गदर्शन सुरू केलं. सीईटीचा रँक आला की कुठलं कॉलेज, कुठली ब्रँच हवी ते पसंतीच्या क्रमाने वेबसाइटवर भरायचं, ही ऑप्शन एंट्री. कॉम्प्युटर ती यादी वरून खाली वाचतो. तुमच्या रँकला जे पहिलं मिळू शकतं तिथे थांबतो, ते देतो, खालचं बघतही नाही. मॉक अलॉटमेंट ही त्याची रंगीत तालीम. खरी सीट नव्हे. काही चुकलं असेल तर क्रम बदलता यावा म्हणून.

यात न कळण्यासारखं काही नाही. मी हे लष्करी कॅम्पातल्या सुभेदारांना, डॉक्टरांना, बँक मॅनेजरांना समजावत आले आहे. सगळे मान डोलावतात आणि घरी जाऊन शेजाऱ्याला विचारतात.

आमच्या सीमाभागातल्या पालकांचं तर विचारूच नका. बाकीच्यांच्या जिवाला एका राज्याचा घोर, आम्हाला दोन राज्यांचा. इकडची सीईटी, तिकडची सीईटी, इकडचा राउंड, तिकडचा राउंड. शिवाय प्रत्येक घराला निपाणीचा एक मेव्हणा असतो आणि त्याचं कोल्हापुरात ‘आपलं माणूस’ असतं. ते माणूस आजवर कुणी पाहिलेलं नाही. पोरं या दिवसांत जेवतात, झोपतात, क्रिकेट खेळतात. आई-बापांची मात्र परीक्षा सुरू झालेली असते, आणि तिचा अभ्यासक्रम त्यांनी स्वतःच तयार केलेला असतो.

परशरामअण्णांचे शेजारच्या वडगावात पॉवरलूम आहेत. मागे माग चालतात, पुढच्या खोलीत गादीवर बसून अण्णा साड्या विकतात. सुप्रियाला बेंगळूरला कॉम्प्युटर सायन्स करायचं होतं आणि तिच्या रँकला ते मिळण्यासारखं होतं. मी सांगितलं होतं, जे सगळ्यात जास्त हवं ते सगळ्यात वर. पण ओटीपी येणार अण्णांच्या मोबाइलवर. म्हणून यादी अण्णांनी भरली, आणि अगदी उलटी भरली. पहिल्या नंबरला गावाबाहेरचं एक नवं कॉलेज, सिटी बसने जाता येईल असं, जिथे दरवर्षी बाकं रिकामी असतात. बेंगळूर तळाला. मॉकमध्ये अर्थातच ते नवं कॉलेज लागलं.

असं का भरलंत, मी विचारलं.

“धंद्याची रीत हाय मॅडम. गिऱ्हाईक आलं की पयला साधा माल काढायचा. भारी साडी शेवटाला. पयलीच भारी दावली की तिची किंमत ऱ्हात न्हाय. आमच्या बानं हेच शिकिवलंय.”

मी कागद घेऊन पुन्हा सगळं समजावलं. अण्णांनी मान डोलावली. मग म्हणाले, एकदा निपाणीच्या मेव्हण्याला विचारतो. क्रम बदलायची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी अण्णांचा पत्ता नाही. फोन उचलेनात. माझं डोकं फिरलं. एका हुशार पोरीची चार वर्षं गादीच्या रीतीपायी वाया जाणार होती. लॅपटॉप पिशवीत टाकला आणि रिक्षा करून वडगाव गाठलं.

अण्णा गादीवर होते, सुप्रिया बाजूला साड्यांच्या घड्या घालत होती. मला बघून अण्णा चपापले. मी ऑप्शनचं नावच काढलं नाही. म्हटलं, साडी दाखवा. त्यांच्या जिवात जीव आला. सवयीने हात खालच्या गठ्ठ्याकडे गेला आणि एक मेंदी रंगाची साडी बाहेर आली, एखाद्या लग्नात दूरच्या पाहुणीला आहेर करतात तसली.

“हीच द्या. बांधा,” मी म्हटलं.

“अवो थांबा मॅडम, अजून माल दावलाच न्हाय मी. मागं लई भारी हायत.”

“असतील. मला बघायच्याच नाहीत. कॉम्प्युटर असंच गिऱ्हाईक आहे, अण्णा. पहिलं घेतो आणि उठतो.”

अण्णांचा हात गठ्ठ्यावर तसाच राहिला. मागच्या खोलीत मागांचा खडखडाट चालू होता.

“कळतंय ओ मला,” ते हळूच म्हणाले. “कालबी कळलं हुतं. पर भारी साडी दावली की गिऱ्हाईक घिऊन जातंय. गेलेली साडी परत येतीया व्हय?”

एवढ्या वर्षांत पालकांच्या नाना युक्त्या ऐकल्या. त्यांच्या बुडाशी भीती असते हे मला ठाऊक होतं, पण असं तोंडाने कुणी कबूल केलं नव्हतं. मला त्यांची दया आली आणि तितकाच रागही आला.

सुप्रियाने हातातली घडी खाली ठेवली.

“आप्पा, मी साडी न्हाय.”

आवाज चढवला नाही तिने. माझ्या पिशवीतून लॅपटॉप घेतला, गादीवर मांडी घातली आणि यादी सुलटी करायला लागली. बेंगळूर वर गेलं, बसचं कॉलेज तळाला. अण्णा बघत राहिले. ओटीपी आला तसा त्यांनी चष्मा लावला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला, कानडीत. घाबरले की ते आकडे कानडीतच मोजतात. मी निघाले तेव्हा ती मेंदी साडी त्यांनी बांधून माझ्या हातात दिलीच. बांधा म्हटलेला माल परत ठेवत नाहीत, हीही गादीची रीत.

खऱ्या राउंडमध्ये सुप्रियाला दुसऱ्या पसंतीचं बेंगळूरचं कॉलेज मिळालं. वडगावात आता परशरामअण्णा ऑप्शन एंट्रीतले जाणकार समजले जातात. भारी वर भरायचं, असं ते लोकांना सांगतात. लोक खात्री करायला माझ्याकडे येतात, आणि माझी खात्री करायला निपाणीला फोन लावतात.

मी यातून एवढंच शिकले की पालकांना वाईट कॉलेजचं भय नसतं. लांब गेलेलं पोर परत येईल की नाही ते माहीत नसणं त्यांना सोसत नाही. त्यापेक्षा वाईट मिळालं तरी चालतं, फक्त पोर घरी हवं.

सुप्रिया दिवाळीला घरी आली, गणपतीलाही आली होती. रोज फोन करते. एवढे फोन करते तर अभ्यास कधी करते, अशी अण्णांची आता तक्रार आहे. परवा ते मुद्दाम घरी आले आणि विचारत होते, प्लेसमेंटला पयली बारकी कंपनी घ्यावी आणि मोठी शेवटाला ठेवावी का?