चाळीस डाव्या बाह्या

मास्तरांनी आयुष्यात तीन मोठे निर्णय घेतले आणि तिन्हींत देवाला सामील करून घेतलं. आधी निर्णय घ्यायचा, मग सकाळी हात जोडून तो वर कळवायचा, अशी त्यांची पद्धत होती. वरून हरकत आली नाही की ते त्याला होकार समजत.

पहिला निर्णय म्हणजे थोरल्या भावाशी भांडून चांगलं चालतं शिंपीकामाचं दुकान सोडलं. दुसरा, स्वतःचं दुकान तिसऱ्या मजल्यावर थाटलं, कारण तिथे उजेड चांगला होता. उजेड खरोखरच चांगला होता. त्याच्या आड यायला गिऱ्हाईकच नव्हतं. तिसऱ्या निर्णयावर मात्र कुणाला हसता आलं नाही. दुकानातल्या मशीनवर बसणाऱ्या कारागिराशी लेकीनं लग्न ठरवलं, तेव्हा मास्तर म्हणाले, "माझ्या हाताखालचा माणूस माझा जावई होणार नाही. जायचं तर जा, पण परत येऊ नकोस." लेक बापावर गेली होती. गेली आणि आली नाही. एकुलता एक चांगला कारागीरही तिच्याबरोबर गेला आणि वर्षाच्या आत दुकानाला कुलूप लागलं.

मग मास्तर एका इस्पितळाच्या शिवणखोलीत कापणीला लागले. तळघरातली खोली, चार मशीनं, एक लांब टेबल आणि वाफेनं कायम ओली असलेली एक भिंत. पलीकडे धुलाईखाना होता. मास्तरांच्या हातात आता चादरी, पडदे आणि रुग्णांचे हिरवे झगे आले. फॅशनचा प्रश्न मिटला होता.

पण माणूस धास्तावला होता. दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो. मास्तर पाणीसुद्धा फुंकायला लागले. सगळं देवाला विचारून करायचं, असं त्यांनी ठरवलं, आणि हा निर्णयही विचारून घेतला नव्हता, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. लेकीकडे जावं की नाही, हा प्रश्न त्यांनी सहा महिने रोज सकाळी देवापुढे ठेवला. खूण दे, म्हणाले. खूण काही दिसेना. बायको एकदा म्हणाली, देवानं डोकं दिलंय ते काय नुसतं टोपी घालायला? मास्तरांनी टोपी काढून ठेवली आणि वाट पाहणं चालू ठेवलं.

एका सोमवारी चाळीस झगे कापायचे होते. कापडाचे थर लावताना सुलटी बाजू सुलट्या बाजूवर घालायची, म्हणजे एका कापणीत डावी-उजवी जोडी निघते. हे नवशिक्यालाही पहिल्या आठवड्यात कळतं. मास्तरांचं चित्त लेकीपाशी होतं. त्यांनी सगळे थर सुलटी बाजू वर ठेवूनच लावले आणि कात्री चालवली. ऐंशी बाह्या निघाल्या, ऐंशीच्या ऐंशी डाव्या.

खोलीप्रमुख बाई वयानं मास्तरांपेक्षा लहान आणि बोलण्यात थोरल्या होत्या. त्यांनी दोन बाह्या उचलून दिव्याखाली धरल्या. मास्तर ध्यानीमनी नसताना सगळं बोलून गेले. तीन निर्णय, लेक, सहा महिने, न आलेली खूण. "बाई, माझा स्वतःवर विश्वास उरला नाही. म्हणून त्याला विचारतोय."

"मग तो काय म्हणतो?"

"अजून काही नाही."

"काय करायला हवं, ते तुम्हाला ठाऊक नाही?"

मास्तर टेबलावरच्या चिंध्या गोळा करू लागले.

"ठाऊक आहे ना? मग त्यानं सांगून झालंय, मास्तर. तुम्हाला आता हमी हवी आहे. ती तो कुणालाच देत नाही." बाईंनी बाह्यांचे दोन ढीग केले. "यातल्या चाळीस उलटून लावा. फिकी बाजू बाहेर येईल. आजारी माणूस बाहीचा रंग बघत बसत नाही."

संध्याकाळी मास्तरांनी बायकोकडे लेकीचा पत्ता मागितला. ती महिन्यातून एकदा दातांच्या डॉक्टरकडे म्हणून जायची, आणि तोंडात दात पाचच होते. तिनं काही न विचारता पत्ता लिहून दिला, आणि बरोबर निघाली. लेक-जावयाच्या दुकानाच्या गल्लीच्या तोंडाशी मात्र थांबली. पुढे तुम्ही जा, म्हणाली.

कपडे दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं, तळमजल्यावर. मास्तर दारात दिसताच मशीनवरचा जावई जुन्या सवयीनं उठून उभा राहिला. लेक काजं करत होती. ती उठली नाही.

वाटेत जुळवलेलं सगळं मास्तर विसरले. "बस, तू उठू नकोस," ते जावयाला म्हणाले. मग लेकीला म्हणाले, "मी चुकलो. तुझ्याही बाबतीत, याच्याही."

तिनं दोरा दातानं तोडला. सुईत नवा ओवायला घेतला.

"आज बसा म्हणणार नाही मी, बाबा," ती म्हणाली. "आज मला जमायचं नाही. रविवारी या."

"किती वाजता?"

"दहाला."

मास्तर गल्लीच्या तोंडाशी आले. रविवारी लेक दार उघडेल, की त्याआधी तिचं मन फिरेल, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ते वर विचारलंही नाही.

"काय म्हणाली?" बायकोनं विचारलं.

"रविवारी, दहाला."

"मग नऊलाच निघू," ती म्हणाली, आणि दोघं बसथांब्याकडे चालू लागली.