पपईला इंजेक्शन द्यायला शहाद्याकडे

नाशिकहून नंदुरबारची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवरच्या पिशवीत गोळ्या, इंजेक्शनांचा डबा, पाण्याची बाटली आणि भरपूर मीठ होतं. मीठ इतकं होतं, की वाटेत नाकाबंदी लागली असती तर पोलिसांना ती पांढरी पूड चाखून बघावी लागली असती. निघताना बायकोने विचारलं, "तिकडे मीठ मिळत नाही का?" मिळतं. पण प्रवासात लोक दागिने जवळ बाळगतात, तसं मी मीठ बाळगतो.

माझा आजार दुर्मिळ आहे. हे मी जरा तोऱ्यात सांगतो, कारण निवृत्त चित्रकला शिक्षकाकडे मिरवण्यासारखं दुसरं काय असणार? आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन चिमुकल्या ग्रंथी असतात. माझ्या ग्रंथींनी काही वर्षांपूर्वी कुणाला न विचारता कायमचा संप पुकारला. कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक तयार करणं हे त्यांचं काम. ते नसलं की माणूस काळवंडतो, वाळतो, चक्कर येऊन पडतो आणि त्याला मिठाचे डोहाळे लागतात. रोज गोळ्या घेतल्या की सगळं सुरळीत चालतं. पण उलट्या सुरू झाल्या की गोळी पोटात ठरत नाही. मग मांडीत ताबडतोब इंजेक्शन, तेही दुसऱ्या कुणी दिलेलं, कारण आपली शुद्ध टिकेलच असं नाही, आणि तडक दवाखाना. त्यात हयगय झाली तर फोटोला हार.

आम्हा रुग्णांचा फोनवर एक गट आहे. त्यात मराठी बोलणारे सगळे मिळून एका टेम्पोत मावतील. त्यातल्याच रत्नाताई. शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरच्या बाजूच्या खेड्यात त्यांचं सासर. आजार होण्याआधी त्या वर सातपुड्यात, काठी गावाजवळच्या आश्रमशाळेत बाई होत्या. काठीची राजवाडी होळी म्हणजे त्या डोंगराचा सगळ्यात मोठा सण. जुने विद्यार्थी त्यांना दरवर्षी बोलावतात. पण एकदा ताई बसमध्ये कोसळल्या आणि तेव्हापासून नवऱ्याने त्यांना शहाद्यापलीकडे जाऊ दिलं नव्हतं. त्यांनी गटात लिहिलं होतं, "घरात एकाला जरी इंजेक्शन देता आलं तर मी यंदा काठीला जाईन. पण सगळे सुईला घाबरतात. कुणीतरी येऊन शिकवा हो."

गटात सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. मी चुकून अंगठा पाठवला. त्यावरून ठरलं, की मी जाणार.

साक्री मागे पडली आणि ऊन तापू लागलं. मी पिशवीतून चिमूटभर मीठ काढून जिभेवर ठेवलं. शेजारी टोपलीवाली आजीबाई बसली होती. तिने आधी माझ्या काळवंडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग हाताकडे.

"काय खाई ऱ्हायनात दादा?" (काय खाताय?)

"मीठ."

"नुसतं? घरमा भाकर नई का?"

आजार समजावून सांगायला मी तोंड उघडलं, तर त्यात तिने कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा कोंबला. "खाय बापा, लाजू नको." पुढच्या बाकावरच्या माणसाने कांदा दिला. कंडक्टरने तिकिटाचे उरलेले सुटे पैसे देताना माझ्याकडे फार कनवाळू नजरेने पाहिलं. पेन्शन घेणारा माणूस नंदुरबार येईपर्यंत अनाथ होऊन गेला होता. ठेचा मात्र अप्रतिम होता.

नंदुरबारच्या आसपास मोकळ्या पटांगणांवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या असतात. जमिनीवर एवढा लाल रंग मी कधी पाहिला नव्हता. शहाद्याच्या गाडीत बसून खिडकीतून त्याकडे डोळे भरून बघत होतो, तेवढ्यात वारा फिरला आणि डोळे खरोखरच भरून आले. सगळी गाडी शिंकायला लागली. ड्रायव्हर शिंकेगणिक हॉर्न वाजवत होता. प्रकाशा गावाच्या पुलावर तापी आली तेव्हा कुठे श्वास घेता आला. नदी रुंद, शांत, आणि काठाला हिरवीगार केळी.

पुरुषोत्तमनगर डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. साखर कारखान्याचा हंगाम चालू होता आणि हवेला मळीचा दाट वास होता. उसाच्या ट्रॉल्या ओळीने उभ्या. मिठाला हपापलेला माणूस साखरेच्या गावात येऊन पडला, यालाच दैव म्हणतात.

रत्नाताईंचे यजमान मला न्यायला आले होते. त्यांना सगळे बापू म्हणतात. दार अडेल असा देह, मनगटं उसासारखी, आवाज ट्रॅक्टरवरून बोलायची सवय झालेला. "या दादा, या! रस्ता सापडना ना?" (सापडला ना?) म्हणत त्यांनी माझी बॅग दोन बोटांनी उचलली.

रत्नाताई ओसरीवर उभ्या होत्या. आम्ही दोघांनी नमस्कार केला आणि एकमेकांकडे बघतच राहिलो. माझ्या आजाराचं दुसरं माणूस मी पहिल्यांदाच प्रत्यक्ष बघत होतो. त्यांनी तळहात पुढे केला. रेषा शाईने गिरवल्यासारख्या काळ्या. मी माझा शेजारी धरला. तोच रंग, तीच छटा! मग त्यांनी ओठ वर करून हिरड्या दाखवल्या, त्यावरचे काळे डाग. मीही दाखवल्या. बैलबाजारात दात बघावेत तशी आमची तपासणी चालली होती आणि आम्ही दोघंही खदाखदा हसत होतो. हसता हसता ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. मला इतकं बरं वाटलं, की सांगता येत नाही.

बापूंची आई, म्हणजे माय, हे सगळं दारातून बघत होती. "माय वो! ह्या दोन्ही तर बहीण-भाऊ दिखतस," ती म्हणाली. "दोन्हीसले एकच नजर लागेल शे. बठा सोबत, काढी टाकस." (दोघांना एकच दृष्ट लागली आहे. बसा, काढून टाकते.)

आम्हाला शेजारी शेजारी पाटावर बसवलं. मायने दोन्ही मुठींत खडेमीठ आणि सुक्या मिरच्या घेतल्या, पुटपुटत आमच्यावरून ओवाळल्या, आणि सगळं एका ताटलीत ठेवून ती चुलीतला विस्तव आणायला आत गेली. मीठ-मिरची विस्तवावर टाकायची. ठसका लागला नाही तर दृष्ट जबर होती असं समजायचं.

ताटली माझ्या गुडघ्याजवळच होती. प्रवासाचं ऊन अंगात, हवेत मळीचा गोड वास आणि समोर शुभ्र टपोरं खडेमीठ. मी एक खडा उचलला. ताईंनी एक उचलला. "समुद्राचं दिसतंय," मी म्हणालो. "चव बरी आहे," त्या म्हणाल्या. भुईमुगाच्या शेंगा फस्त कराव्यात तसं आम्ही गप्पांच्या नादात ते संपवलं.

माय विस्तव घेऊन आली. ताटलीत नुसत्या मिरच्या.

"मीठ कोठे गयं?"

मी घास गिळला. मायने विस्तवाची पळी खाली ठेवली.

"बापू! अरे बापू! ह्या मानूसनी नजर खायी टाकी रे!"

शेजारपाजारच्या बायका जमल्या. काढलेली दृष्ट खाल्ल्याचं उदाहरण पंचक्रोशीत नव्हतं. ताईंच्या बाबतीत थोडं नरमाईने घेतलं गेलं, कारण ती घरची सून. दृष्ट घरातच राहिली. पाहुण्याच्या पोटातल्या दृष्टीचं काय करायचं यावर मात्र एकमत होईना. शेवटी मायने ठरवलं, की वरून गोड घालून ती दाबायची. खापरावरचे पुरणाचे मांडे, तूप, दूध. वर बापूंनी उसाचा रस आणवला. नको म्हणायची सोय नव्हती. रात्रीच्या जेवणाला झणझणीत शेवभाजी, तिच्यावर तेलाची लाल तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिकवणी बसली. बापूंनी आपल्याच वावरातली (शेतातली) पपई आणली होती. पपईचं साल बरंचसं कातडीसारखं असतं. विद्यार्थ्यांना गोडी वाटावी म्हणून मी स्केचपेनने तिच्यावर मांडीची रेषा आणि गुडघा काढला. हुबेहूब जमला. इतका, की मायने पपईवर फडकं टाकलं.

औषधाची पूड पाण्यात कशी मिसळायची, हवा कशी काढायची, मांडीच्या बाहेरच्या अंगाला सुई सरळ कशी टोचायची, हे सारं मी दाखवलं. मायने बेधडक टोचलं. पोरींचे कान टोचून तिचा हात तयार झालेला. पण सिरिंजवरच्या रेघा तिला दिसेनात. राहिले बापू. त्यांनी सुई हातात घेतली आणि त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला.

"वावरमा साप निंघना तर काठीवर धरस मी," ते म्हणाले, "पन सुई देखी का डोकं गरगर फिरस." (शेतात साप निघाला तर काठीवर धरतो, पण सुई पाहिली की डोकं फिरतं.)

"बापू, ती पपई आहे. ती ओरडणार नाही."

बापूंनी डोळे मिटून सुई मारली. ती पपईला चुकवून पाटात रुतली. पुढच्या खेपेला पपईला लागली, पपईतून रस आला आणि बापू खांबाला टेकून हळूहळू खाली बसले. मायने त्यांच्या नाकाला कांदा लावला. ताई उठून आत गेल्या. काठीला न्यायची पिशवी त्यांनी आठवडाभर आधीच भरून दाराशी ठेवली होती. ती त्यांनी उचलून आत नेली. मला फार वाईट वाटलं.

आणि मग माझ्या पोटात ढवळलं. मांडे, तूप, ऊस, तरी आणि दृष्ट यांची आत गाठ पडली असावी. मी ओसरीच्या कडेला धावलो. एकदा झालं, दोनदा झालं. सकाळची गोळी त्यातच गेली. हातपाय गार पडले, डोळ्यांपुढे अंधारी आली. ही लक्षणं मी ओळखतो आणि त्यांना मी मनापासून घाबरतो.

"नजर फिरनी!" (दृष्ट उलटली!) माय ओरडली.

"नजर नही, कॉर्टिसॉल," मी बाजेवर आडवा होत म्हणालो. "इंजेक्शन द्या."

ताई धावत आल्या, डबा उघडला, पूड मिसळली, सिरिंज भरली. आणि थांबल्या. त्यांनी सिरिंज बापूंपुढे धरली.

"रत्नाताई," मी म्हणालो, "मी पपई नाही."

"घाबरू नका दादा, मी इथंच आहे," त्या मला म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. "तुम्हीन नई टोचतस ते मीच टोचसू दादाले. पन मंग माले कोन टोची?" (तुम्ही नाही टोचलं तर मीच टोचीन यांना. पण मग मला कोण टोचेल?)

बापूंनी बायकोकडे पाहिलं. मग सिरिंज घेतली. या खेपेला डोळे उघडे होते. "दादा, माफ करज्यात," असं म्हणून त्यांनी माझ्या पॅन्टवरूनच सुई घातली. सरळ, मांडीच्या बाहेरच्या अंगाला, शिकवल्याबरहुकूम. दट्ट्या शेवटपर्यंत दाबला, सुई काढली, ती नीट डब्यात ठेवली, आणि मग सावकाश माझ्या अंगावर कोसळले.

इंजेक्शनाने मी वाचणार होतो. बापूंच्या खाली मी जातो की काय अशी वेळ आली. माय आणि दोन शेजारणींनी त्यांना ओढून बाजूला केलं. कांदा आता आम्हा दोघांना आळीपाळीने लावण्यात आला.

जीपमधून शहाद्याच्या दवाखान्यात नेलं. पुढे उसाची ट्रॉली, तिच्यापुढे आणखी ट्रॉली. डॉक्टरांनी मला पाहिलं, ताईंना पाहिलं, मला सलाईन लावलं. "हा आजार मी पुस्तकातच वाचला होता. आज एकदम दोन!" असं म्हणत त्यांनी आमचे तळहात तपासले. सलाईन म्हणजे मिठाचं पाणी. थेट शिरेतून मीठ! मी सुखाने डोळे मिटले. बापू जिन्यात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "मी टोचं. मी!" (मी टोचलं.)

होळीच्या आदल्या दिवशी मला नाशिकच्या गाडीत बसवून दिलं. ताईंची पिशवी पुन्हा दाराशी आली होती. बापू काठीला सोबत जाणार होते. मायने मला हळूच एक पुडी दिली. "मीठ शे. कोनवर बी ओवाळेल नई," ती म्हणाली.

घरी पोहोचलो, पण चित्त तिकडेच. काठीला फोनची रेंज नाही. होळीची रात्र गेली, धुळवड उजाडली, गटात सगळे विचारू लागले, ताईंचं काय? मी देवापुढे बसलो, उठलो, परत बसलो. या आजारात माणूस स्वतःपुरतं जपायला शिकतो. दुसऱ्यासाठी असा जीव टांगणीला लागणं मला नवीन होतं, आणि खरं सांगू, त्या काळजीतही आपण एकटे नाही याचा मला आनंद होत होता.

दुपारी, डोंगर उतरून रेंजमध्ये आल्यावर, बापूंचा फोन आला. आवाज पडलेला.

"काय झालं बापू?"

"काहीच नई व्हयनं दादा," ते म्हणाले. "रातभर इंजेक्शन खिसामा धरीसन बठेल व्हतू. तिले काहीच नई व्हयनं. नाची ऱ्हायनी व्हती." (काहीच झालं नाही. रात्रभर इंजेक्शन खिशात धरून बसलो होतो. ती नाचत होती.)

त्यांच्या हातून फोन ताईंनी घेतला. ढोल, मोरपिसांचे टोप, पहाटे पेटलेली होळी, बाई बाई म्हणत गोळा झालेली आता बाप्ये झालेली पोरं, हे सगळं त्यांनी एका दमात शाळेतल्या मराठीत सांगितलं. मग हळू आवाजात, नवऱ्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने, घरच्या बोलीत म्हणाल्या,

"दादा, रातभर मन्हाकडेच देखी ऱ्हायना व्हता हाऊ मानूस. लगीनमा बी इतलं देखेल नव्हतं." (रात्रभर माझ्याकडेच बघत होता हा माणूस. लग्नात सुद्धा इतकं पाहिलं नव्हतं.)