दसऱ्यानंतरची सर्व्हिसिंग

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे, त्यांचं नाव बापूराव लोहकरे. समुद्रपूरला त्यांची जवसाच्या तेलाची घाणी होती. रोज सकाळी आपली जुनी जीप घेऊन ते एसटी स्टँडवर येत आणि इंजिन चालूच ठेवून, हात बाहेर काढून विचारत, "कोनाची गाडी चुकली?" हिंगणघाटला त्यांचं स्वतःचं काम असो वा नसो. कोणी नसलं तर ते घाणीवर परत जात. असलं तर जीप भरत आणि माणसं वेळेच्या आधी पोचवत.

माणूस तसा संथ होता. बोलायला बसले की एका वाक्यात दोनदा सुपारी कातरायचे. जेवायला त्यांना तासभर लागे. पण स्टिअरिंग हातात आलं की वेगळेच होत. वळणावर समोरून बैलगाडी आली तर गाडीवानाला नावाने हाक मारून निघून जात, आणि मागे बसलेल्यांनी देवाचं नाव घेतलं की म्हणत, "देवाले कामं आहेत. तुमी फक्त घट्ट धरा."

माझी त्यांची भेट बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेच्या दिवशी झाली. मी आमच्या खेड्यातून पायी स्टँडवर आलो होतो आणि हिंगणघाटची गाडी आलीच नव्हती.

"कुठं जाऊन राह्यला?"

"हिंगणघाटले. पेपर आहे."

"किती वाजता?"

"साडेदहाले."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "बस. आन् बोलू नको, जीभ चावली जाईन."

आम्ही पोचलो तेव्हा पेपरला सात मिनिटं होती. मी वाकलो, तर त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं. "पाया मंग पडजो. आंधी पेपर लिही."

पुढच्या वर्षी घाणीमागची एक खोली त्यांनी मला राहायला दिली. माझे वडील जंगलखात्याच्या रोपवाटिकेत मजूर होते; आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. काकू, म्हणजे बापूरावांच्या पत्नी, मला आपल्यासोबतच जेवायला बसवत. मूलबाळ नव्हतं त्यांना. मी बापूरावांना काकाजी म्हणू लागलो. पदवीचा निकाल लागला तेव्हा काकाजी स्टँडवर उभे राहून सगळ्यांना सांगत होते, "आमच्या घाणीतून आजवर तेल निघालं, गुरांची ढेप निघाली. यंदा बीकॉम निघाला."

त्या वर्षांत त्यांनी मला पुष्कळ गोष्टी सांगितल्या आणि प्रत्येक वेळी मी "हो काकाजी" म्हणालो. नाही म्हणावं असं त्यांनी कधी काही सांगितलंही नाही. त्यामुळे नाही म्हणायची सवय माझ्या जिभेला लागलीच नाही.

पदवीनंतर नागपूरच्या एका मोटारविक्रेत्याच्या वर्ध्यातल्या शाखेत मला नोकरी लागली. सर्व्हिसिंगची कुपनं, गाडीवर काय काम झालं ते नोंदणारी जॉबकार्डं, वॉरंटीचे अर्ज हे सगळं माझ्या टेबलावर असे. काही वर्षांनी कंपनीने एक नवी वेगवान गाडी आणली. इंजिन परदेशी बनावटीचं, आवाज इतका कमी की चालू आहे की बंद हे कळू नये. काकाजींनी ती एकदा पाहिली आणि जीप व घाणीमागची मोकळी जागा विकून टाकली. "जिथं आपला पोरगा बसते तिथूनच घ्यायची," असं ते आमच्या मॅनेजरला म्हणाले. गाडी त्यांनी गणेश चतुर्थीच्या दिवशी नेली. आधी केळझरच्या गणपतीला, मग घरी.

नेण्यापूर्वी ते माझ्या टेबलासमोर बसले. गाडीबरोबर मिळणारं पुस्तक इंग्रजीत होतं. "वाच," ते म्हणाले. मी एकेक पान मराठीत सांगत गेलो. पहिले हजार किलोमीटर साठच्या वर पळवायची नाही, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग पहिल्या सर्व्हिसिंगचं पान आलं.

"महिन्याभरात आणा म्हणते, काकाजी. इंजिनाचं तेल बदलतात."

त्यांनी बोटांवर मोजलं. "महिना म्हणजे पितरं सरून नवरात्र लागते. दसरा होऊ दे. पूजा झाल्याबिगर नव्या यंत्राले आमी पाना लावत नाई."

ही त्यांच्या घाणीची रीत होती. नवा घाणा येवो, पाण्याचा पंप येवो, दसऱ्याला त्याला हळदीकुंकू लागेपर्यंत त्याचा एकही नट कोणी ढिला करायचा नाही. "नवं यंत्र घरात आलं का पाहुणं असते," ते म्हणायचे. "पाहुण्याले कोणी खोलून पाह्यते का? दसऱ्याले ते घरचं होते, मंग खुशाल खोला." घाण्याने ही रीत वर्षानुवर्षं सोसली होती. ते यंत्र बैलाच्या चालीने फिरणारं. या इंजिनाचं तसं नव्हतं. नव्या इंजिनात भाग एकमेकांवर घासून बसतात, त्यांचा बारीक कीस पहिल्या तेलात उतरतो. ते तेल वेळेवर काढलं नाही तर तोच कीस इंजिनभर फिरत राहतो. हे मला माहीत होतं. पानावर पुढचं वाक्यही माझ्या बोटाखाली होतं: तीस दिवस किंवा हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तेव्हा सर्व्हिसिंग न केल्यास वॉरंटी रद्द.

"पाच-सहा दिवस इकडचे तिकडं, चालते ना?" त्यांनी विचारलं.

"चालते काकाजी," मी म्हणालो, आणि पान उलटलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी आली. बोनेटवर हळदीची बोटं, आरशाला झेंडू. छत्तीस दिवस झाले होते आणि गाडी चोवीसशे किलोमीटर फिरली होती, कारण स्टँडवरचा प्रश्न रोज चालूच होता. आमच्या शाखेतल्या रहमतभाई मिस्त्रींनी तेल काढलं, दोन बोटांत चोळून पाहिलं आणि किसाने चमकणारी बोटं माझ्यापुढे धरली. त्यांनी जॉबकार्डावर किलोमीटरचा आकडा लिहिला. कुपनावर तारीख मी लिहायची होती. मी सही केली, शिक्का मारला आणि तारखेचा रकाना रिकामा ठेवला. का ठेवला, हे तेव्हा मी स्वतःलाही सांगितलं नाही.

थंडी सरता सरता, सेवाग्रामच्या दवाखान्यातून शेजारच्या म्हाताऱ्याला घरी आणताना, काकाजींची गाडी रस्त्यात खडखडली आणि इंजिन जागीच जाम झालं. ट्रकला दोर बांधून ती आमच्याकडे आणली. रहमतभाईंनी खोलली. बेरिंगं जळलेली, तेलाच्या वाटा किसाने बुजलेल्या. नवं इंजिन घालण्याशिवाय इलाज नव्हता, आणि ते विकत घेणं काकाजींच्या आवाक्यातलं नव्हतं. वॉरंटी मिळाली तर गाडी, नाहीतर लोखंड. कंपनीचा इंजिनियर पुढच्या सोमवारी येणार होता. त्याच्यापुढे अर्ज ठेवायचा, त्यातला पहिलाच प्रश्न: पहिली सर्व्हिसिंग कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला.

मॅनेजरने कुपन पाहिलं. "रकाना रिकामाच आहे की. जॉबकार्डंही आपलीच. तू लिहिशील ती तारीख," असं म्हणून ते जेवायला गेले.

तो आठवडा मी कसा काढला ते मला नीट सांगता येत नाही. टेबलाचा खण उघडला की कुपन दिसे. खोटी तारीख लिहिली तर काकाजींची गाडी वाचत होती, आणि मी काय गाळलं हेही कधी कोणाला कळणार नव्हतं. पण त्यासाठी रहमतभाईंना दुसरं जॉबकार्ड लिहावं लागलं असतं. त्यांनी लिहिलंही असतं. उद्या पकडलं गेलं तर नोकरी त्यांची जाणार होती. खरी तारीख लिहिली तर माझ्याच हाताने मी काकाजींना बुडवणार होतो. माझ्या बाजूला कोणती वाट मोकळी आहे हे मी पाहत राहिलो, आणि प्रत्येक वाटेवर माझं ते "चालते काकाजी" उभं होतं.

रविवारी समुद्रपूरला गेलो. सांगूनच टाकायचं, असं ठरवून गेलो होतो. काकूंनी पाण्याचा तांब्या ठेवला आणि त्या उभ्याच राहिल्या.

"तुह्या हातात आहे म्हणतात ना रे मधुकर? मंग काऊन थांबून राह्यला?"

काकाजींनी अडकित्ता खाली ठेवला. "त्याले विचारू नको."

"काऊन नको? घरचा नाई काय तो?"

"घरचा आहे म्हणूनच. चूक माही आहे. दसऱ्याची गोष्ट मी काढली. ते बिचारं काय करन?"

तोंड उघडायची वेळ हीच होती. मी तांब्या उचलला, पाणी प्यालो आणि म्हणालो, "उद्या साहेब येतात. पाहू काय होते ते." जेवून पहिल्या गाडीने वर्ध्याला परतलो.

सोमवारी मी खरी तारीख आणि चोवीसशेचा आकडा लिहिला. अर्ज नामंजूर झाल्याचं कंपनीचं पत्र पंधरा दिवसांत आलं. ते मीच घेऊन गेलो. काकाजी म्हणाले, "वाच." मी मराठीत वाचलं. या वेळी एकही शब्द गाळला नाही.

"मंग बरोबर आहे त्याईचं," ते म्हणाले. "त्याईनं लिहून देलं होतं, आपण पाळलं नाई."

गाडी घाणीच्या छपराखाली ताडपत्री टाकून ठेवली. जीप आधीच गेली होती. काकाजी आता स्टँडवर इतरांसारखे एसटीची वाट पाहत उभे राहत. तिथे एकाने त्यांना टोमणा मारला, "लोहकरेच्या पोरानं लोहकरेचीच गाडी बसवली म्हणते." त्यावर ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरानं खरं लिहलं. माह्यासाठीही खोटं लिहलं नाई. तुमच्यातल्या एकानं तरी लिहलं असतं का?" पुढे हे त्यांचं नेहमीचं बोलणं झालं. लग्नात, बाजारात, माझ्या वडिलांसमोर. मी समोर असलो की माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगत. ज्यांनी रागवायला हवं होतं तेच माझी साक्ष देत होते, आणि त्या हाताखालून निघणं मला जमेना. समुद्रपूरला जाणं मी कमी केलं. ते समजत, कामाचा व्याप वाढला. दोन वर्षं अशी गेली. शेवटी समोर बसून जे जमलं नाही ते मी लिहून काढलं. पत्र मी टपालाने पाठवलं; त्याचा कच्चा कागद माझ्याकडे आहे, तोच इथे उतरवतो.

वर्धा

तीर्थस्वरूप काकाजींना मधुकरचा शिरसाष्टांग नमस्कार.

वि. वि. हे पत्र काकूंना वाचायला देऊ नका असं मी म्हणणार नाही. त्यांनीही वाचावं.

गाडी नेताना तुम्ही मला पुस्तक वाचायला सांगितलं. तीस दिवस चुकले तर वॉरंटी जाते, ही ओळ तिथे होती. मी ती पाहिली आणि वाचली नाही. तुम्ही विचारलं, चालते ना, तेव्हा चालत नाही हे मला ठाऊक होतं. तुमची दसऱ्याची रीत तुम्हाला माहीत होती, इंजिनाचं मला माहीत होतं. माझ्या वाट्याचं मी सांगितलं नाही. नुसतं "काकाजी, या वर्षी पूजा आधी करा" एवढं म्हणालो असतो तर तुम्ही केली असती, हे मला आता कळतं. तुम्ही रीत मोडली नसती, एखादा मुहूर्त काढला असता. मी तुम्हाला तेवढीही संधी दिली नाही.

तुम्हाला नाही म्हणणं म्हणजे उपकार विसरणं, असं मला वाटत असे. असं तुम्ही मला कधी शिकवलं नव्हतं. ते माझंच होतं.

अर्जावर मी खरं लिहिलं, ते रहमतभाईंची नोकरी जाऊ नये म्हणून, आणि भीतीनेही. तुम्ही लोकांना माझ्याविषयी जे सांगता ते आता सांगू नये, ही विनंती. मला ते ऐकवत नाही. गाडी माझ्यामुळे गेली. स्टँडवर हे तुम्ही सांगावं असंही नाही. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने येतो आणि जे मला चांगलं म्हणतात त्यांच्यासमोर मीच सांगतो. त्यानंतर घरी यायचं की स्टँडवरूनच परत फिरायचं, ते तुम्ही सांगाल तसं. तुमचं उत्तर आलं नाही तरी मी येणार आहे.

आपला,
मधुकर